बाभळीवरची घंटा

त्या मुलखात शेळ्या होत्या, बोकड होते आणि बाभळीला टांगलेली एक घंटा होती. घंटा कुठून आली हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कुठल्यातरी बैलाच्या गळ्यातून पडली असणार. पण असं बोलून दाखवायची सोय नव्हती.

रीत साधी होती. कोणीही जाऊन शिंगाने घंटेवर टोला द्यायचा. नाद उठला की सगळ्यांनी गुडघे टेकायचे, डोकं जमिनीला लावायचं, डोळे मिटायचे आणि नाद पुरता विरेपर्यंत हलायचं नाही. बोकड ही मुळातच माथेफिरू जात. पाल्यावरून, पाण्यावरून, काहीच नसलं तर सावलीवरून टकरा सुरू. अशा वेळी एखादी शहाणी शेळी घंटा वाजवायची. नाद विरेपर्यंत निम्म्यांना भांडण कशावरून होतं तेच आठवायचं नाही. खोटं कशाला बोला, त्या घंटेने पुष्कळ जीव वाचवले.

मग खैरा नावाच्या बोकडाची शिंगं मोडली. बिचाऱ्याने कपाळानेच टोला दिला. कोणीतरी म्हणालं, आज नाद जास्त गोड आला. झालं! बघता बघता मुलखात दोन तट पडले, शिंगवाले आणि कपाळवाले. दोन्हीकडच्या दाढीवाल्यांनी निवाडे दिले. तशी दाढी प्रत्येक बोकडाला असते, पण यांच्या जरा लांब होत्या. शिंगवाले म्हणाले, कपाळ लावून घंटा बाटवली. कपाळवाले म्हणाले, घंटेवर ओरखडे काढणाऱ्यांनी भक्ती शिकवू नये. खैऱ्याला कपाळवाल्यांनी पुढे घातलं. त्याचा धाकटा भाऊ भुरा शिंगवाल्यांत गेला, कारण त्याची शिंगं देखणी होती.

त्यांची आई बांडी. तिला दोन्ही पोरं जिवंत घरी यायला हवी होती, दुसरं काही नको होतं. ती दोन्हीकडच्या दाढीवाल्यांना जाऊन भेटली.

"घंटा वाजवा की," ती म्हणाली. "आजवर त्यानंच थांबलंय सगळं."

"वाजवायची कशी, तेच तर ठरायचंय, बांडे," शिंगवाल्यांचा म्होरक्या म्हणाला. "लढाईत ठरेल. तोवर घंटेला कोणी शिवायचं नाही."

कपाळवाल्यांच्या म्होरक्यानेही मान डोलावली. दोन्ही तटांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

लढाई बाभळीखालीच जुंपली. बरगड्या मोडल्या, पोटं फाटली. धुरळ्यात खैरा आणि भुरा समोरासमोर आले आणि धडक द्यायला माना खाली घालून मागे सरले. बांडीचं काळीज फाटलं. ती बाभळीकडे पळाली आणि तिने घंटेवर टोला दिला. शिंगाने दिला की कपाळाने, ते तिचं तिलाही कळलं नाही.

सगळा मुलूख गुडघ्यांवर आला. सवयच ती. बांडी धावत पोरांकडे गेली आणि खैऱ्याचा कान ओढू लागली.

"ऊठ. भावाला घे, घरी चल."

"आई, नाद चाललाय," खैरा डोळे न उघडता म्हणाला. "गप बस जरा."

भुऱ्याने डोकं जमिनीला आणखी घट्ट टेकवलं. नाद विरला. दोघे उठले, चांगला दम खाऊन ताजेतवाने झालेले, आणि पुन्हा माना खाली घालून मागे सरले.

बांडी पुन्हा पळाली. पुन्हा टोला, पुन्हा गुडघे. या वेळी ती घंटेपाशीच थांबली. नाद मंदावला की दुसरा टोला, मग तिसरा. एक शिंग गेलं, पाठोपाठ दुसरं गेलं. कपाळ फुटलं, रक्त डोळ्यांत उतरलं.

"ऐका, हा शिंगाचाच नाद," एक दाढीवाला डोळे मिटून पुटपुटला.

"छे, कपाळाचा," दुसरा पुटपुटला.

बाकीचे म्हणत होते, घंटा आपोआप वाजतेय, आपलं भाग्य थोर.

"आई कुठं गेली रे?" खैऱ्याने हळूच विचारलं. कितीतरी दिवसांनी तो भावाशी बोलत होता. "तिनं हे ऐकायला पाहिजे होतं."

"येईल," भुरा म्हणाला. "तू डोळे नको उघडू."

नाद विरत चालला होता. बांडी कशीबशी उठली, दोन पावलं मागे सरली आणि तिने पुन्हा डोकं आपटलं.