सोपानने प्रिंटर चालू केला त्याची गोष्ट

एका गावात एक भोळा नवरा होता. भोळे नवरे गावोगाव असतात, पण ते बायकोसमोर आणि कामापुरते. हा चोवीस तास भोळा होता. नाव सोपान. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही आणि सांगितल्याच्या बाहेर एक बोटभर जायचा नाही. दुधाकडे लक्ष ठेवा म्हटलं, तर दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत तो अगदी लक्ष देऊन बघत बसायचा.

बायको मात्र तल्लख. तिचं नाव इंदू. त्या वर्षी ती ग्रामपंचायतीला उभी राहिली. समोर होते रंगूतात्या. तात्या इतकी वर्षं निवडून येत होते की पंचायतीतल्या खुर्चीला त्यांच्या बैठकीचा खळगा पडला होता. वरच्या आळीला नळ नव्हता. तात्या दर निवडणुकीला तो आणायचे आणि निवडणूक झाली की परत न्यायचे. वरच्या आळीतल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन चढ चढायच्या. त्यांत इंदूही होती. तिचे गुडघे आताशा कुरकुरायला लागले होते, म्हणून तर ती उभी राहिली.

प्रचाराचा शेवटचा दिवस उजाडला. तालुक्याच्या छापखान्याने तात्यांची रंगीत पत्रकं कधीच छापून दिली होती. इंदूला मात्र सांगितलं, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात पत्रकं घेऊन काय लोणच्याच्या बरणीवर बांधायची? मग राहिला घरचा प्रिंटर. बंद पडलेल्या एका पतपेढीतून आलेला तो म्हातारा प्रिंटर अजून कॉम्प्युटरला जोडलाही नव्हता. कॉम्प्युटरही जुनाच. इंदूच्या भावाने त्यात लिनक्स घालून दिलं होतं, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी ती फुकटात मिळणारी यंत्रणा. दुसरं काही त्या यंत्राला पेलत नव्हतं.

इंदूने पत्रक टाइप करून ठेवलं, प्रिंटरची वायर जोडली आणि पायात चपला सरकवल्या.

"मी वस्त्यांवर प्रचाराला जाते. तुम्ही एवढं छापा आन् घरोघर वाटून टाका. आडलं तर फोन करा. लिनक्समदी प्रिंटर चालवायला आधी ड्रायव्हर लागतो. तेवढा बघा."

"बरं," सोपान म्हणाला.

सोपान 'बरं' म्हणाला की शहाण्या माणसाने चपला काढून घरातच थांबावं. पण इंदूला घाई होती.

सोपान थेट फाट्यावर गेला. तिथे महिपतीची वडापची जीप माणसांनी खच्चून भरून उभी होती. महिपती आता चावी फिरवणार, एवढ्यात सोपानने त्याचा दंड धरला.

"चल. आमच्या प्रिंटरला ड्रायव्हर पायजे."

महिपती गेला. बोलावलं की जायचं, हा त्याचा स्वभाव. त्याने प्रिंटरला एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "सोपानदा, बसायचं कुठं?"

"ते तू बघ. ड्रायव्हर तू हायस."

महिपतीने दिसेल ते बटण दाबलं. यंत्राने एक कण्हल्यासारखा आवाज केला आणि गप्प झालं. महिपती म्हणाला, "जरा ढकलू या का?" दोघांनी मिळून ढकललं. प्रिंटर टेबलाच्या या कडेवरून त्या कडेला गेला. छापलं काहीच नाही. तिकडे फाट्यावर जीपमधली माणसं उन्हात शिजत होती.

सोपानने फोन लावला. "इंदू, ड्रायव्हर आणला, पण त्यालाबी जमंना. महिपती म्हणतोय गिअर सापडंना."

इंदूने कपाळावर हात मारला. "अवो, गाडीचा ड्रायव्हर न्हवं! त्या जीपमदली समदी आपल्या वॉर्डातली माणसं हायती. गेली मतं! बाहेरचं काय आणायचं न्हाई. जे लागतं ते आतच असतंय. आत शोधायचं, कळलं?"

"कळलं. बाहेरचं न्हाई. आत शोधायचं." सोपानने मनाशी खूणगाठ बांधली.

"आता कप्स चालू हायती का बघा. कप्स बंद असलं तर प्रिंटर हलत न्हाई."

"बरं."

सोपान स्वयंपाकघरात गेला. मांडणीवर कप पालथे घातलेले होते. सोपानने त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. ते बाहेरचे. त्याने कपाट उघडलं. कपाटात ट्रंक होती, ट्रंकेत लुगडं होतं, आणि लुगड्याच्या घडीत इंदूच्या रुखवतातला कपबश्यांचा सेट होता. सोनेरी काठाचा. लग्नापासून त्या कपांनी चहा बघितला नव्हता. सोपानला फार समाधान वाटलं. याच्याइतकं आतलं घरात दुसरं काही नव्हतं.

आता कप चालू करायचे. रिकामा कप चालू आहे असं कोण म्हणेल? त्याने आल्याचा चहा केला, सगळे कप भरले आणि प्रिंटरसमोर ओळीने मांडले. मग हात जोडून म्हणाला, "घ्या." प्रिंटरने घेतला नाही. सोपानला वाटलं, नवीन घर आहे, लाजत असेल. त्याने बशीत ओतून, फुंकर घालून, बशी यंत्राच्या तोंडाशी नेली. तेवढ्यात फोन वाजला, सोपान दचकला, आणि एका कपाचा कान त्याच्या हातात राहिला. कप खाली गेला.

"झाले का कप्स चालू?" इंदूने विचारलं.

"झालं. एक बंद पडला. सोनेरी काठाचा व्हता."

इंदू रडक्या आवाजात म्हणाली, "माझ्या आयनं दिलेला सेट त्यो! अवो, कप्स म्हंजी चहाचं कप न्हवं. लिनक्समदलं छपाईचं काम बघणाऱ्याला कप्स म्हणत्यात. ते समोर दिसत न्हाई, मागं चालतंय. समोर खेळत बसू नगा. ह्यातलं समदं काम मागनं असतंय."

"मागनं," सोपानने खूणगाठ बांधली.

"आता काळी खिडकी उघडा. तिच्यात हुकूम द्यायचा. हुकमाच्या आधी सुडो म्हणायचं, मंग यंत्र मुकाट ऐकतंय."

"बरं."

कॉम्प्युटर समोर होता, तेव्हा तो कामाचा नव्हता. सोपान उठला आणि घराला वळसा घालून मागे गेला. मागे चुलीची खिडकी होती. वर्षानुवर्षं धूर खाऊन ती इतकी काळी झाली होती की तिच्याहून काळी खिडकी गावात सापडली नसती. ती गंजून घट्ट बसली होती. सोपानने पहार आणली, फटीत घातली आणि जोर लावला. खिडकी उघडली. उघडली म्हणजे चौकटीसकट बाहेर आली आणि शेजारच्या चंद्राकाकूंच्या कुरडयांवर पडली. काकूंनी पहाटेपासून खपून कुरडया वाळत घातल्या होत्या आणि त्या तिथेच राखणीला बसल्या होत्या.

सोपानने भिंतीतल्या भोकात तोंड घातलं आणि खणखणीत हुकूम दिला, "सुडो! चालू हो!"

"सुडो कुणाला म्हणतुयास रं मुडद्या?" काकू उठल्या.

"तुमास्नी न्हाई काकू, यंत्राला. आता ते मुकाट ऐकंल."

यंत्राने ऐकलं नाही आणि काकूही मुकाट बसल्या नाहीत. त्यांनी सोपानच्या सगळ्या घराण्याचा उद्धार केला. वर सांगितलं की आमच्या घरातलं एकही मत तुझ्या बायकोला पडायचं नाही. काकूंचं घर म्हणजे एकत्र कुटुंब, मतदारांची मोठी रांगच.

सोपानने फोन करून हे सगळं सांगितलं. इंदूला समोरच्या वस्तीवर जायचं होतं, पण ती तिथेच एका ओट्यावर बसली. भोवती तिच्याबरोबर प्रचाराला आलेल्या वरच्या आळीतल्या बायका होत्या. "ही खिडकी कॉम्प्युटरच्या पडद्यावर असती," ती फोनवर एकेक शब्द मोजून म्हणाली. "आन् आता डोकं लावूच नगा. मी म्हणीन ते, तसंच्या तसं, शब्दाला शब्द टाइप करायचं."

"बरं. शब्दाला शब्द."

आणि खरंच जमायला लागलं. ती अक्षर सांगायची, तो अक्षर दाबायचा. काळी खिडकी पडद्यावर उघडली. हुकूम गेला. यंत्राने पासवर्ड मागितला.

"पासवर्ड काय?"

"तुमचं नाव."

सोपानने टाइप केलं, तुमचं नाव. यंत्र म्हणालं, चूक.

"तसं न्हवं वो! तुमचं नाव. तुमाला ज्या नावानं हाक मारत्यात ते."

"कंचं? तू तर मला 'अवो' म्हणतीस."

बायका फिदीफिदी हसायला लागल्या. एक म्हणाली, "वैनी, असं कसं? नाव घ्या की मंग. उखाण्यात घ्या!" सगळ्यांनी धोशा लावला. मतं हवी होती. इंदूने डोळे मिटले आणि फोन कानाला धरूनच नाव घेतलं,

"डोंगरावरचं पाणी येऊ दे दारी,
सोपानरावांचं नाव घेते, प्रचाराची घाई भारी."

बायकांनी टाळ्या पिटल्या. फोनवरून सोपानचा घामाघूम आवाज आला, "जरा सावकाश. 'डोंगरावरचं' झालं. त्याचा अनुस्वार कुठं हाय?"

इंदूला हसावं की रडावं कळेना. तिने ओरडून सांगितलं, "नुस्तं सोपान! सोपान! सोपान!" त्याने तीनदा घातलं. मग एकदाच घालायला सांगितलं, तर म्हणाला, "घालतोय, पर पडद्यावर कायबी दिसंना. एक टिंबसुदिक न्हाई. यंत्र अक्षरं चोरतंय."

"चोरत न्हाई. पासवर्ड असाच असतोय. दिसत नसलं तरी आत जातंय. तुम्ही शंका न घेता पुढं चला."

सोपानचा चेहरा उजळला. एवढं सोपं कोणी त्याला आजवर सांगितलं नव्हतं. दिसत नसलं तरी आत जातंय. त्याने एंटर दाबलं. प्रिंटर जागा झाला, खाकरला, आणि कागद ओढून घेऊन भराभर बाहेर टाकायला लागला.

"चाललं!" सोपान नाचला.

"चाललं?" इंदूच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता वाटून टाका. घरन् घर."

म्हाताऱ्या प्रिंटरमधली शाई पतपेढी बंद पडली तेव्हाच वाळून गेली होती. एकेक कागद कोरा करकरीत बाहेर पडत होता. सोपानने एक उलटून बघितला, उजेडात धरून बघितला. काही दिसत नव्हतं. त्याने शंका घेतली नाही. गठ्ठा काखेत मारला आणि सगळा वॉर्ड पालथा घातला. प्रत्येक दारात कोरा कागद द्यायचा आणि नमस्कार करून सांगायचा, "इंदूचं पत्रक. दिसत नसलं तरी आत हाय."

संध्याकाळी इंदू दमून घरी आली. टेबलावर उरलेला एक कागद होता. तिने तो या बाजूने बघितला, त्या बाजूने बघितला.

"ह्ये... असंच वाटलंत?"

"एक घर सोडलं न्हाई. रंगूतात्यालाबी दिलं."

मग मात्र इंदूचा बांध फुटला. रडली, हसली, पुन्हा रडली. शेवटी सोपानचे दोन्ही खांदे धरून म्हणाली, "आता एकच आयका. आयुष्यभर ध्यानात ठेवा. उमटलेलं सोताच्या डोळ्यांनी बघितल्याबिगर कुणाला काय म्हंजी काय द्यायचं न्हाई!"

"न्हाई द्यायचं," सोपान म्हणाला, आणि आजवरची सगळ्यात घट्ट खूणगाठ बांधली.

पण दुसऱ्या दिवशी गावात काही वेगळंच शिजायला लागलं. पारावर एकाने तात्यांचं रंगीत पत्रक एका हातात धरलं आणि इंदूचं कोरं दुसऱ्या हातात. म्हणाला, ह्यात नळ, गटार, समाजमंदिर, समद्या थापा. आणि ह्यात बघा, एकबी थाप न्हाई. लोक हसले. हसता हसता विचारात पडले. चंद्राकाकू कुरडयांचा चुरा विसरल्या नव्हत्या, पण त्याही म्हणाल्या, "पोरगी खोटं बोलत न्हाई बाबा. बोलायचं नसंल तर कागद कोरा ठिवती." वरच्या आळीत तर तो कागद बायकांनी देवळीत जपून ठेवला. रंगूतात्यांना रात्रभर झोप लागली नाही. कोऱ्या कागदात काय डाव आहे, हे त्यांना कळेना.

मतदानाला रांग लागली. इंदूने सोपानला शाळेच्या फाटकाशी सोडलं आणि बजावलं, "आत जायचं, माझ्या चित्रासमोरचं बटण दाबायचं, मत द्यायचं, यायचं. बास."

"बरं."

सोपान आत गेला. बराच वेळ आतच होता. आतून कोणी तरी काकुळतीला येऊन बोलत असल्यासारखं ऐकू येत होतं. मग तो बाहेर आला. बोटाला शाई होती आणि तोंडावर काम चोख केल्याचं समाधान होतं.

मोजणीच्या दिवशी तहसील कचेरीबाहेर सगळा वॉर्ड उभा होता. मतं मोजली. परत मोजली. रंगूतात्या आणि इंदू, दोघांना अगदी सारखी मतं. एकाही मताचा फरक नाही. साहेबांनी बरणीत दोन चिठ्ठ्या टाकल्या, बरणी हलवली आणि एक काढली. तात्या.

गुलाल तात्यांवर उडाला. वरच्या आळीतल्या बायका काही न बोलता चालायला लागल्या. घरी गेल्यावर हंडे भरायचे होते. इंदू कचेरीच्या पायरीवर बसली आणि पदरात तोंड लपवून हमसाहमशी रडायला लागली. "एक मत वो," ती म्हणत होती, "फकस्त एक मत जास्ती असतं, तर चिठ्ठी लागली नसती!"

सोपानचा बायकोवर फार जीव होता. तिचं रडणं त्याला बघवेना. तो शेजारी बसला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागला.

"रडू नगंस. मत हाय की माझ्याकडं. साहेब लई विनवत व्हता, बटण दाबा, बटण दाबा. मी म्हटलं, आधी उमटलेलं दाखवा. त्यानं दाखवलं न्हाई, मी दिलं न्हाई. जपून ठिवलंय." त्याने खिशावर हात थोपटला. "पुढच्या येळंला तुला दोन देतो."