आठांतला एक पाय

जिथे समुद्र खडकांशी बोबडं बोलतो आणि ओहोटी लागली की खडकाखडकांत निळी-हिरवी डबकी आरशांसारखी लखलखतात, तिथे आवडू नावाची कोळ्याची पोर राहत होती. कुडाची एक खोली आणि माणसं दोनच, आवडू आणि तिची आये. खडकावरची कालवं काढून आये दोघींचं पोट भरायची. पण एके दिवशी कालवाच्या शिंपल्याची धार तिच्या टाचेत खोल रुतली. औषध झालं, लेप झाले. जखम काही भरेना. आये भिंतीला टेकून बसली ती बसलीच. मग नऊ वर्षांची आवडू आयेची कोयती आणि टोपली घेऊन एकटीच खडकावर जाऊ लागली. एवढ्याशा हातांनी ती कितीशी कालवं काढणार? कधी पेज आणि मीठ, कधी नुसतीच पेज.

एका सकाळी एका डबक्यात तिला एक विचित्र खेकडा दिसला. अंग बोराएवढं, आणि पाय भिंतीवरच्या कोळ्यासारखे लांबच लांब, काटकुळे! शेजारी त्याचीच जुनी कात पडली होती, मागून उकललेली, वर शेवाळाचे झुपके असलेली. नुकताच त्यातून निघालेला तो जीव लोण्यासारखा मऊ होता, उघडा होता, आणि धड चालूही शकत नव्हता. काठावर एक राखी बगळा मान वाकडी करून टपला होता.

"हाड्! हाड्!" आवडू धावली. बगळा उडाला, पण पलीकडच्या खडकावर जाऊन बसला.

आवडूने रिकाम्या टोपलीकडे पाहिलं. मग ती तिथेच, खेकड्यावर सावली धरून बसली. खेकडा हळूच जुन्या कातीवरचं शेवाळ नांगीने तोडू लागला. एकेक तुकडा तोंडात धरून कुरतडायचा, आणि आपल्या पाठीवरच्या आकड्यांसारख्या बारीक केसांत अडकवायचा. आवडूनेही त्याला गुलाबी, पोपटी, जांभळी शेवाळं वेचून दिली. भरतीचं पाणी डबक्यात शिरेपर्यंत खेकडा दिसेनासा झाला. दिसत होती ती फक्त एक चिमुकली रंगीत बाग! पण तोवर कालवांचे खडक पाण्याखाली गेले होते. टोपली रिकामीच.

"आये काय खाईल आज?" आवडूचे डोळे भरले.

तेवढ्यात डबक्यातून बुडबुडा वर आला, फुटला, आणि त्यातून बोटभर उंचीची एक परी निघाली. शिंपल्याच्या आतल्या चकाकीसारखे पंख, पायांत फेसाचे पैंजण.

"रडू नकोस, बाळ. एक इच्छा माग. पण नियम ऐक. मला नवं काही घडवता येत नाही. इथलं उचलून तिथे ठेवता येतं, एवढंच."

"माझ्या आयेची जखम बरी कर!"

परी तिच्याजवळ सरकली. "जखम उचलीन गं. पण ती कुणाच्या तरी अंगावर ठेवावी लागेल."

आवडूने हळूच आपला उजवा पाय पुढे केला. "इथे ठेव."

"थांब!" डबक्यातली बाग हलली. खेकडा बोलत होता. "माझ्या पायावर ठेव."

"नको रे, तुला दुखेल!"

"थोडंसं दुखेल. पण आम्हांला दुखरा पाय सांध्यातून सोडून देता येतो. मी अजून लहान आहे, मला पुन्हा कात टाकायची आहे. तेव्हा तिथे नवा पाय फुटेल. मला चालायला आठ पाय आहेत, तुझ्या आयेला दोनच. आणि माझं नाव कोळीखेकडा. तूही कोळी, मीही कोळी. मग?"

परीने पंख झटकले. खेकड्याचा एक पाय लालसर झाला, थरथरला, आणि अलगद गळून पडला. आवडू घराकडे पळत सुटली. दारातच आये उभी होती, दोन्ही पायांवर! "आवडू, अगं टाच बघ माझी! ओरखडासुद्धा नाही!" आवडू तिच्या कमरेला मिठी मारून हसलीही आणि रडलीही.

दुसऱ्या दिवसापासून मायलेकी बरोबर खडकावर जाऊ लागल्या. आये कालवं काढायची, आवडू लंगड्या खेकड्याला कालवाचा तुकडा आणि ताजं शेवाळ द्यायची. परी काठावर बसून बघायची. "तुझा मित्र बरा होईपर्यंत मी कुठेही जाणार नाही," ती म्हणायची.

महिने गेले. एके दिवशी खेकड्याची पाठ मागून उकलली, आणि तो हळूहळू बाहेर सरकला. गळालेल्या पायाच्या जागी दोऱ्याएवढा, पण नवाकोरा पाय होता!

"फुटला! फुटला!" आवडूने टाळ्या पिटल्या.

अंग टणक होईपर्यंत तिने आणखी काही दिवस त्याची राखण केली. मग एका भरतीला, नवी बाग पाठीवर मिरवत, तो आठही पाय टाकत खोल पाण्याकडे निघाला. परी लाटेवर उभी राहिली. तिचे पंख आधी मोतिया झाले, मग सोनेरी, मग इतके लख्ख की आवडूने डोळे मिटले. उघडले तेव्हा पाण्यावर नुसता उजेड नाचत होता.

"चल गं, पाणी चढलं!" भरलेली टोपली कमरेवर घेऊन आये हाक मारत होती, आणि निसरड्या खडकांवरून झपाझप पावलं टाकत तिच्याकडेच येत होती.