चांदीदात्या आणि नवी सून

एकदा काय झालं, सोनकीनं एक वाक्य ऐकलं. तिला ऐकवायचं नव्हतं ते. पण ती कणगीमागे वाकून तांदूळ काढत होती, आणि बोलणाऱ्यांना काही ती दिसली नाही.

"बाण तोच, हात तोच, रान तेच," भागूकाकी म्हणत होती. "मग नवीन काय आलं गं घरात? सून."

"हळू बोल," सासू म्हणाली.

हळू बोल म्हणाली, बरं का. असं बोलू नको म्हणाली नाही. सोनकीला त्यातला फरक कळला. तिनं तांदूळ घेतले, निवडले, शिजवले, आणि दोघींना गरम गरम वाढले.

तर ही सोनकी म्हणजे त्या घरची नवी सून. हिरवा चुडा अजून हातात किणकिणत होता. नवऱ्याचं नाव हैबती. ते घर गावाचं शिकारी घर. रानातलं जनावर शेतात उतरलं की सगळं गाव त्यांच्या दारात यायचं. आणि हैबतीचा नेम कसा? उडत्या पारव्याचं एक पीस पाडील, पण पारव्याला कळूसुद्धा देणार नाही!

त्या वर्षी रानातून एक डुक्कर उतरला. साधासुधा नव्हे हो. म्हशीएवढा उंच, आणि दात चांदीचे. चांदण्यात ते असे लखलखायचे, की लांबून वाटायचं, कुणी दोन कंदील घेऊन नाचणीत फिरतंय. अंगावर चिखलाचे थर वाळून वाळून दगड झालेले. बाण लागला तर टण्णकन उडून जायचा. मऊ जागा एकच, डाव्या कानामागे, बोटभर. गावानं त्याचं नाव ठेवलं चांदीदात्या. एका रात्रीत तो एक अख्खं शेत फस्त करायचा.

मग हैबती निघाला. लग्नाला चारच दिवस झाले होते. अंगाला हळद होती, कानात अत्तराचा फाया होता. दिवसभर रान तुडवलं, पण चांदीदात्याचं शेपूटसुद्धा दिसलं नाही.

दिसणार कसं, हे सासूला कळलं नाही. तिला कळलं ते भागूकाकीनं सांगितलं तेवढंच. सुनेची सावली पडलीय, दुसरं काय!

मग तिनं उतारा काढला. दुसऱ्या खेपेला हैबती निघाला तेव्हा धुपाटण्यात मूठभर ऊद घातला, आणि त्याला उभा करून पायापासून शेंडीपर्यंत धुरी दिली. अशी धुरी दिली, की शेजारची म्हातारी आरतीची वेळ झाली समजून हात जोडून उभी राहिली. हैबती गेला आणि संध्याकाळी हात हलवत परत आला.

मग भागूकाकी म्हणाली, "एवढ्यानं भागायचं नाही." ती देवीच्या देवळातून मंतरलेली घुंगरांची माळ घेऊन आली आणि हैबतीच्या पायात बांधली. तिसऱ्या खेपेला हैबती छुन छुन करत रानात गेला.

त्या दिवशी सोनकी भाकरी द्यायच्या निमित्तानं मागोमाग गेली. ती बोलायची कमी, पण बघायची फार. टेकाडावर बसून तिनं बघितलं. खाली ओढ्याकाठी चांदीदात्या लोळत होता. मग हैबतीच्या अंगावरून वारा तिकडे गेला. चांदीदात्यानं नाक वर केलं. मग छुन छुन आलं. चांदीदात्या उठला, आणि सावकाश चालत, हो, पळतसुद्धा नव्हता लबाड, सावकाश चालत दुसऱ्या डोंगराला निघून गेला. हैबतीनं काय गाठलं? लोळून झालेला चिखल.

घरी आल्यावर ठरलं. पुनव दोन दिवसांवर होती. तोवर शिकार झाली नाही, तर सोनकीला माहेरी धाडायचं. चार दिवसांसाठी नव्हे. कायमचं.

सोनकीला नव्हतं जायचं, बरं का. एव्हाना घरची गाय तिच्या हातानं पान्हा सोडायला लागली होती. आणि हैबती रिकाम्या हातानं यायचा त्या दिवशीही तिच्यासाठी एखादं मोराचं पीस आणायचाच. कुणी बघत नाही असं बघून हळूच चुलीपाशी ठेवायचा. अशा माणसाला सोडून कोण जाईल?

दुसऱ्या दिवशी ती जळण आणायला म्हणून रानात गेली. बघते तर काय, एका दगडावर एक म्हातारी पाय चोळत बसली होती. शेजारी झाकलेली टोपली.

"कोण गं तू आजी?" सोनकीनं विचारलं.

"मी योगाई," म्हातारी म्हणाली. "कुणाला कधी काय भेटायचं ते ह्या टोपलीत असतं. माणसं मला नशीब म्हणतात, आणि उठल्यासुटल्या शिव्या घालतात. तुझ्या घरच्यांनी तर वीट आणला बाई!"

"का गं?"

"का म्हणून विचारतेस? तीनदा मी तो डुक्कर हाकत हाकत तुझ्या नवऱ्याच्या वाटेवर आणला. तीनदा! पहिल्यांदा हा लग्नघरासारखा घमघमत आला. दुसऱ्यांदा देवळासारखा. आणि काल तर पोळ्याच्या बैलासारखा वाजत आला! माझ्या पायांचे पार तुकडे पडले. आणि घरी काय म्हणतात? नशीबच नाही!"

सोनकीला हसू आलं. मग ती म्हातारीच्या पायाशी बसली आणि तिचे पाय चेपायला लागली. बराच वेळ चेपले. मग हळूच म्हणाली, "आजी, आणखी एकदा?"

म्हातारीनं तिच्याकडे बघितलं. "एकदाच हं. उद्या तो डुक्कर एकदा मान वळवील. डोळा लवायला लागतो तेवढाच वेळ. तेवढं माझं. कुठून यायचं, कसं बसायचं, बाण कधी सोडायचा, ते मला विचारू नकोस. मला धनुष्य धरता येत नाही."

असं म्हणून तिनं टोपली उचलली आणि गेली.

मग उजाडली पुनव. सासूनं त्या दिवशी काही म्हणता काही कमी ठेवलं नाही. हळद लावली, ऊद दिला, अत्तर दिलं, आणि घुंगरांच्या एका माळेच्या दोन झाल्या. हैबती निघाला. गावच्या शिवेवर बघतो तर सोनकी उभी.

"अहो, थांबा."

हैबती थांबलाच. लग्न झाल्यापासून तिचे सगळे शब्द जमवले तरी ओंजळभर झाले नसते.

"ते पायातलं काढा," ती म्हणाली.

"अगं, मंतरलेलं आहे. आईनं बांधलंय. टाकू कसं?"

"टाकू नका. माझ्याकडे द्या. नशीब मी धरते, तुम्ही बाण धरा."

हैबतीनं तिच्याकडे बघितलं, मग खाली बघितलं, आणि माळा सोडल्या. तिनं त्या पदरात घट्ट गुंडाळल्या. एकही घुंगरू वाजलं नाही. मग ती त्याला ओढ्यावर घेऊन गेली. हळद धुतली, अत्तर धुतलं, केसांतला ऊद धुतला, आणि वरून काठचा ओला चिखल फासला. नवरदेवाचं पार मातीचं ढेकूळ झालं.

आता सोनकीचा बाप होता मध काढणारा. पोळ्याला हात घालायच्या आधी तो चिमूटभर राख उडवून बघायचा, वारा कुठला आहे ते. ते काही ती विसरली नव्हती. तिनं कनवटीची चुलीतली राख काढली आणि उडवली. राख गेली थेट डुकराच्या वाटेकडे.

"इकडून नको," ती कुजबुजली. "डोंगराला वळसा घालून पलीकडून."

"दुपार होईल की!"

"होऊ दे."

मग काय, दोघं निघाली. काट्यांनी अंग ओरबाडलं. चढ चढली, दरी उतरली. दर शंभर पावलांवर सोनकी चिमूटभर राख उडवायची. राख उलटून तिच्याच तोंडावर आली, तेव्हा ती खूश झाली. वारा आता समोरून होता. दोघं चिखलाच्या डबक्याजवळ करवंदीच्या जाळीत बसली.

बसली ती बसलीच. हैबतीच्या मानेवर मुंगळा चढला, चावला, आणि पोटभर चावून खाली उतरला. हैबती हलला नाही. इथे मात्र त्याचं कसब होतं, बरं का. दिवस कलायला लागला.

मग खसफस झाली. चांदीदात्या आला. नाक वर केलं, हुंगलं. माती. फक्त माती. खुशाल चिखलात बसला. पण बसला तो उजवी बाजू करून! डावा कान पलीकडे. हैबतीनं दोरी कानापर्यंत ओढली आणि धरून ठेवली. खांदा भरून आला, तरी धरून ठेवली. कपाळावरचा घाम डोळ्यात गेला, तरी धरून ठेवली.

आणि तेवढ्यात वरून एक उंबर पडलं. टप्प! तिथं उंबराचं झाड नव्हतंच, बरं का. चांदीदात्यानं गर्रकन मान वळवली.

सूंऽऽ. बाण कानामागे. चांदीदात्या उभा राहिला, एक पाऊल टाकलं, आणि धरणीकंप व्हावा तसा कोसळला.

मग काय विचारता! ढोल वाजले, ताशे वाजले. बारा माणसांनी डुक्कर उचलून आणला. वाटेत पोरं चांदीच्या दातांना हात लावून बघत होती. "हैबती, नशीबवान आहेस रे!" पाटील म्हणाला. "माझी घुंगरं!" भागूकाकी म्हणाली. "माझा ऊद!" सासू म्हणाली. "अहो, वारा हिनं बघितला," असं हैबती तीनदा म्हणाला, पण ढोलात कुणाला ऐकू जाणार? शिकार चुकते तेव्हा सुनेमुळे चुकते, मिळते तेव्हा सगळ्यांमुळे मिळते. सोनकी शेणानं सारवलेल्या अंगणाच्या कडेला उभी राहून हे सगळं बघत होती.

त्या वर्षी नाचणी वाचली. कणग्या काठोकाठ भरल्या. हैबती आणि सोनकी सुखानं नांदली, आणि सासूनं पुढे कधी कुणाला "हळू बोल" म्हटलं नाही, कारण तसलं बोलायलाच कुणी आलं नाही. पोटं भरली, डोळे जड झाले, जो तो आपापल्या गोधडीत शिरला. तुम्हीही शिरा बघू आता. पाय आत घ्या. डोळे मिटा. मिटल्या डोळ्यांनी एवढं शेवटचं ऐका.

तर त्या पुनवेच्या संध्याकाळी, जेवणं व्हायच्या आधी, अंगणात पळसाची पानं मांडून पाटलानं शिकारीचे वाटे घातले. एक ज्यानं मारलं त्याचा, एक देवाचा, एक गावाचा. आणि हात झटकून तो उठायला लागला. तेव्हा सोनकी पुढे आली, पदर खोचला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"पाटीलबाबा, आणखी दोन पानं मांडा. एक योगाईचं, तिनं मान वळवली. आणि एक माझं, वारा मी बघितला. माझं जरा मोठं बघून मांडा. सकाळपासून उपाशी आहे मी, आणि आजच नव्हे, रोज ह्याच घरी जेवणार आहे."