हातावर वाढलेली लापशी

"...आणि अप्पांनी फोन उचललाच नाही तर, बुवा?"

यशोधन बेंद्रे हे तिसऱ्यांदा विचारत होता. भुजंगबुवा चुलीवरची लापशी हलवत होते.

यशोधन पंप बनवणाऱ्या एका कंपनीचा विक्री अधिकारी. आज तिमाहीचा शेवटचा दिवस होता आणि दुपारचे तीन वाजून गेले होते. सहापर्यंत दोनशे पंपांची ऑर्डर आली नाही, तर उद्यापासून कामावर येऊ नये, असं साहेबांचं पत्र त्याच्या खिशात होतं. मागल्या वर्षी याच साहेबांनी त्याला स्टेजवर बोलावून शाल पांघरवली होती. शालीची घडी मोडायच्या आत टार्गेट दीडपट झालं. हरभऱ्याच्या झाडावर चढवणारे उतरताना हात द्यायला थांबत नाहीत, हे त्याला फार उशिरा कळलं.

आजवर दर वेळी त्याला बसलिंगअप्पांनी तारलं होतं. अप्पा जिल्ह्याचे डीलर, स्वभावाने भिडस्त. शेवटच्या दिवशी यशोधन जायचा, गळ घालायचा आणि नको असलेला माल अप्पांच्या गोदामात उतरवायचा. आज मात्र अप्पा सकाळपासून फोन घेत नव्हते. दुकानाला कुलूप होतं. अप्पा भुजंगबुवांच्या शब्दाबाहेर नाहीत, असं कुणीतरी सांगितलं आणि हा पठ्ठ्या गाडी काढून थेट डोंगरावरच्या मठात आला.

"तुम्ही फक्त एक शब्द टाका, बुवा. अप्पा नाही म्हणणार नाहीत. ते कधीच नाही म्हणत नाहीत."

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं.

"बस. जेव आधी."

सहा वाजायला तीन तासही उरले नव्हते, जेवणार कसा? पण प्रसादाला नको म्हणवेना, आणि बुवांकडून कामही करून घ्यायचं होतं. त्याने पत्रावळ संपवली. बुवांनी पुन्हा वाढलं. घड्याळाकडे बघत त्याने तेही संपवलं. बुवांनी पुन्हा वाढलं.

"पुरे, बुवा."

"घे रे."

तिसरी वाढ त्याने कशीबशी घशाखाली ढकलली. बुवांचा डाव परत पातेल्यात गेला, तेव्हा त्याने पत्रावळीवर हात आडवा धरला.

बुवांनी हातावरच वाढलं.

कोमट लापशी बोटांमधून मनगटाकडे ओघळली. यशोधनला रागच आला.

"अहो, पोट भरलंय माझं."

"दिसतंय मला."

"मग कशाला वाढताय?"

"पातेलं आजच रिकामं व्हायला हवं."

...

यशोधन हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही. तो आपल्या आडव्या हाताकडे बघत राहिला. गेल्या तिमाहीला अप्पांनीही गोदामाच्या दारात असाच हात आडवा केला होता. आत पाय ठेवायला जागा नव्हती. यशोधनने तो हात हसत हसत आपल्या हातात घेतला होता, जोरात हलवला होता आणि दुसऱ्या हाताने ट्रकवाल्याला खूण केली होती. अप्पा दारातून बाजूला सरकले होते. त्याला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

शेजारी ठेवलेला फोन थरथरू लागला. पडद्यावर अप्पांचं नाव होतं.

सकाळपासून ज्या फोनसाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता, तो हाच. आता तो उचलायची त्याला भीती वाटत होती. घरी हप्ते होते, मुलीची शाळा होती आणि खिशात ते पत्र होतं.

"बुवा... काय बोलू मी त्यांच्याशी?"

फोन वाजतच होता...

बुवांनी डाव खाली ठेवला. पातेल्यावर झाकण घातलं.

"आधी विचार, भूक आहे का."