शेवटची पंगत

चांदवडी संस्थानात तापाची साथ आली आणि वैद्यीण चिमाबाईंनी मोठ्या कष्टाने हंडाभर काढा उकळला. तो आधी कुणाला पाजायचा? चिमाबाई म्हणाल्या, "आजाऱ्यांची सेवा करतात त्यांना."

जेवणावळीत पहिल्या पंगतीतलं मानाचं पान कधी न सोडणारे सरदार सुभानराव गरजले, "आधी मानकरी! उरलंसुरलं रयतेला!"

महाराज विचारात पडले. चिमाबाईंनी शांतपणे पदर सावरला. "बरं तर. काढा मात्र नवा आहे हं. काही झालंच, तर पहिल्या पंगतीला होणार."

सुभानरावांच्या मिशा एकदम खाली आल्या. "छे छे, रयत आधी! आम्ही आपले शेवटच्या पंगतीला. महाराज, तसा हुकूमच काढा!"

हुकूम सुटला. पहिला पेला चिमाबाई स्वतः गटागटा प्यायल्या, मग सेवेकऱ्यांना दिला, मग रयतेला. सगळे ठणठणीत! हे पाहून सुभानराव चांदीचं भांडं घेऊन धावत आले, तर हंड्याचा तळ दिसत होता.

"आणि आमचा वाटा?"

"नवा हंडा चुलीवर चढवलाय. तोवर दार लावून घरी बसा," चिमाबाई हंड्यात पळी खडखडवत म्हणाल्या. "शेवटच्या पंगतीला खरवडच मिळते, सरदार. पण तुम्हाला कसं ठाऊक असणार? आजवर कधी बसलाच नाहीत!"