पिसाच्या टोकाची लव

“मग मला कफनी कधी देणार, ते सांगा माई,” हौसानं विचारलं.

जैनबमाई फकिरीण होती. गावाबाहेरच्या तकियात, फकिरांच्या मठीत राहायची. तिची एक रीत होती. फकिरीची कफनी मागायला जो येईल त्यानं आधी तिच्या कोंबड्या सांभाळायच्या. मोठमोठ्या बाता मारणारे खुराडं झाडायचं नाव काढल्यावर पळाले.

हौसा पळाली नाही. पळून जायला तिला घरच नव्हतं. नवऱ्यानं दुसरी आणली, हिला हाकललं आणि लेक ठेवून घेतली.

“कशाला हवी कफनी?” तांदळाची कणी टाकत माईनं विचारलं.

“सुटायचंय मला. सगळ्यातून.”

“सुटलीस का?”

“सुटले तर. लेकीचं नावसुद्धा काढत नाही. तिचं एक झबलं होतं जवळ, ते चुलीत घातलं. नाव तोंडाशी आलं की जीभ चावते.”

हे ती ताठ मानेनं सांगत होती. जणू लढाई मारून आली.

“जीभ दुखत असेल.”

“दुखू दे.”

माई कणी टाकत राहिली…

हौसाच्या मांडीवर एक पिल्लू होतं. धड पिल्लू नाही, धड कोंबडी नाही, असल्या वयाचं. पंखांवर खरी पिसं फुटलेली, मान उघडी. अर्धवट भादरलेल्या म्हाताऱ्यासारखं ध्यान. आणि नव्या पिसांच्या टोकांना पिवळ्या लवेचे झुबके लटकलेले. अंड्यातून अंगावर आणलेली लव ती.

हौसाला ते गबाळं दिसत होतं. बोलता बोलता ती झुबके चिमटीनं ओढून काढायला लागली.

एक झुबका जोरात ओढला. पिल्लू किंचाळलं.

चिमटीत लव आली. लवेमागं कोवळं पीसही आलं, मुळासकट. मुळाशी रक्त.

“मी जुनंच काढत होते हो,” हौसा म्हणाली.

“वेगळं कुठंय ते? नवं पीस वर येतं ते त्या लवेला डोक्यावर घेऊनच येतं. मूळ एकच.”

“मग ही लव जाते कधी?”

“झिजते. आपली आपण.”

“आणि तोवर?”

“तोवर लटकते.”

हौसानं हातातलं पीस बघितलं. टाकवेना. पिल्लू थरथरत होतं, त्याला तिनं पदराखाली घेतलं. पोटाशी ऊब लागली तसं ते गप झालं.



“नाव काय तिचं?” माईनं विचारलं.

“कोणाचं?”

माईनं उरलेली कणी टाकली.



“मंजुळी.”

हौसा पुन्हा म्हणाली, “मंजुळी.” मग पदराकडे बघत हळू आवाजात बोलली, “अशीच गप व्हायची, पदराखाली घेतली की. झोपताना माझं बोट धरायची, माई. आता कुणाचं धरत असेल…”

माई उठली. आत गेली. कफनीच्या हिरव्या कापडाची घडी आणून तिनं हौसाच्या पुढ्यात ठेवली.

“उद्या शिवायला घे. आणि सैल शिव. दोघी मावायला हव्यात.”