दीड इंच समास

“आणि हे पान कुणाचं?”

“माझंच, बाबा.”

“तुझं? मग बाकीची तीनशे कुणाची?”

प्रणिता लोमटेनं घड्याळ बघितलं. दुपारचे दोन वाजून गेले होते. उद्या सकाळी अकराच्या आत प्रबंधाच्या चार बांधलेल्या प्रती विद्यापीठात पोचायला हव्या होत्या. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती. तिसरी मिळत नाही. आणि आज दिवस मावळायच्या आत प्रती दाबाच्या शिकंज्यात गेल्या नाहीत, तर रात्रीतून खळ वाळत नाही.

हे तिला ठाऊक होतं. मेहताबबाबांनाही ठाऊक होतं. तरी ते एकशे सत्त्याऐंशीव्या पानाशी थांबून राहिले होते.

मेहताबबाबा फकीर. दर्ग्याच्या ओसरीत पुस्तकं शिवत बसायचे. आधी जीर्ण कुराण आणि गावोगावच्या पोथ्या येत. मग कुणीतरी एक प्रबंध घेऊन आला, कारण दुकानात चिकटवून घेतलेला प्रबंध ऐन तोंडी परीक्षेत परीक्षकाच्या हातात सुटा झाला होता. तेव्हापासून विद्यापीठातली सगळी खाती या ओसरीवर येऊ लागली.

बाबा वाचत नसत. एकेक पान उलटत, आणि फक्त पानाची डावी कड बघत.

पोरांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, विषय राहत. एक मुलगी मिरची होती, एक मुलगा गझल. प्रणितामागं पायरीवर बसलेला दिगंबर खटिंग म्हणजे मुंग्या. मुंग्यांच्या रांगा मोजून त्यानं शहरातल्या चौकांवर प्रबंध लिहिला होता. अर्धा प्राणिशास्त्रात, अर्धा नगररचनेत.

प्रणिता होती जातं.

“ह्या पानाला समास नाही,” बाबा म्हणाले.

“थोडा आहे.”

“थोडा नाही. अजिबात नाही. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत अक्षरं. डावीकडं दीड इंच कोरी जागा लागते, हे तुला कुणी सांगितलं नाही?”

“सांगितलंय. बाकीच्या सगळ्या पानांना सोडलाय की.”

“मग ह्यानं काय पाप केलं?”

पायरीवरून दिगंबर वाकून बघायला आला. बघितलं आणि म्हणाला, “बाबा, ह्यात तर मुंगीलासुद्धा जागा नाही.”

“तू गप रे,” प्रणिता म्हणाली. मग बाबांना म्हणाली, “शिवून टाका ना तसंच. एकच पान तर आहे.”

“ओळींची पहिली अक्षरं शिवणीत जातील.”

“जाऊ द्या.”

“अक्षरात दाभण घालू?” बाबांनी हातातलं दाभण खाली ठेवलं. “माझ्या हातून नाही व्हायचं.”

“मग तेवढं एक चिकटवा.”

“चिकटवलेलं पान परीक्षकाच्या हातात येतं, पोरी. प्रबंध टेबलावरच राहतो.”

दिगंबर हसला. प्रणिताला हसू आलं नाही. पुस्तक जिथं आपोआप उघडतं, तिथंच परीक्षक आधी बघतो, असं तिनं ऐकलं होतं. नेमकं हेच पान त्याच्या हातात आलं तर...

“काय लिहिलंस एवढं?” बाबांनी विचारलं. “वाच.”

“मोठं आहे.”

“म्हणूनच तर.”

ती वाचू लागली. भाषा प्रबंधाची होती, जड. जाते क्रमांक एकसष्ट, मौजे पिंपळदरी. गीतातील उल्लेख व शिळेचा पुरावा यांत आढळणारी विसंगती ही पुढील सात कारणांनी वरवरची ठरते. पहिलं कारण. दुसरं कारण. तिसऱ्या कारणाशी तिचा आवाज उतरला.

“...सदर माहितीदात्या स्त्रीचे वय पाहता तिची स्मृती विश्वसनीय मानता येत नाही.”

“थांब,” बाबा म्हणाले. “ही माहितीदाती म्हंजे कोण?”

“गयाबाई.”

“कोण गयाबाई?”

प्रणितानं पान मांडीवर ठेवलं.

सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. चार वर्षं तिनं गावोगावची दळायची जाती बघितली होती. जात्याचा लहानसा टवका काढायचा, तो कागदासारखा पातळ घासायचा, भिंगाखाली धरायचा. दगडातले कण सांगत, हा अमक्या डोंगराचा. आणि त्याच जात्यावर दळणाऱ्या बाईची ओवी सांगे, हे जातं अमक्या गावाहून आलं. भूशास्त्राचे एक गाईड, मराठीच्या एक, आणि पाथरवटांच्या पिढ्या शोधायला इतिहासाचे एक. तीन खाती, तीन सह्या. आणि दगड आणि ओवी एकच गाव सांगत होती. गावामागून गाव, जात्यामागून जातं.

चौदा महिन्यांपूर्वी एका परिषदेत ती व्यासपीठावर उभी राहिली आणि म्हणाली, “एकसष्टपैकी एकसष्ट!”

सभागृह उठून उभं राहिलं. पहिलं बक्षीस. गावाकडं पेपरात फोटो.

तेव्हा साठ दगडांचे अहवाल हातात होते. एकसष्टाव्याचा यायचा होता. आता काय, तोही जुळेलच, असं तिनं धरलं होतं.

“आला?” बाबांनी विचारलं.

“आला. परिषद झाल्यावर नऊ दिवसांनी.”

“काय आला?”

“दगड पिंपळदरीच्याच डोंगराचा. गावातलाच. आणि गयाबाई म्हणते...” तिनं ओवी म्हटली नाही, नुसती सांगितली, पण सांगतानाही ती चालीतच आली:

“जातं गं माझं काळं, आलं धानोऱ्याहून,
बयानं दिलं मला, गाडी बैलांची जुंपून.”

“धानोरा लांब आहे?”

“अठरा कोस. तिचं माहेर.”

 दिगंबर आता हसत नव्हता.

“मी आधी नुसतीच ओवी विचारली होती,” प्रणिता म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाली. “तर म्हणाली, रिकामं जातं फिरवून ओवी येत नसती बाई, दळावं लागतं. मला बसवलं समोर. मूठमूठ ज्वारी घालत होती. त्र्याऐंशी वर्षांची बाई. निघताना ते पीठ बांधून दिलं मला. म्हणाली, तुझ्या हाताचं हाय, तूच खा.”

“गाडीचं काय म्हणाली?”

“सगळं सांगितलं. वाटेत आख मोडला, रात्र कुठं काढली, ते. बैलांची नावंसुद्धा. बाळ्या आणि हौश्या.”

“बैलांची नावं आठवतात,” दिगंबर सावकाश म्हणाला, “आणि माहेरचं गाव चुकतं व्हय?”

प्रणिता त्याच्याकडं वळली. तोंडाशी आलेलं उत्तर तिसऱ्या कारणात छापलेलं होतं. ते तिच्यानं बोलवलं नाही.

“म्हंजे दगड खोटा,” बाबा म्हणाले.

“दगड कसा खोटा असेल? तीनदा तपासला.”

“म्हंजे बाई खोटी.”

“नाही!”

“छापलंय की तू.”

प्रणितानं तिसऱ्या कारणावर अंगठा ठेवला.

“मग खरं काय?”

“बाबा, मी एवढी सात कारणं दिली आहेत...”

“ती मी ऐकली. तीन ऐकली. सातही ऐकीन. त्यातलं तुला कुठलं पटतं?”

ओसरीसमोरच्या कडुनिंबातून एक खार खाली आली, पुन्हा वर गेली. प्रणिता पानाकडं बघत राहिली. ते पान तिनं कितीदा लिहिलं होतं! प्रत्येक वेळी एक कारण वाढत गेलं. पुढची पानं छापून झालेली, म्हणून अक्षर बारीक केलं. तरी मावेना, म्हणून दोन्ही बाजूंनी समास खाल्ला. पहिल्या कारणावर स्वतःचा विश्वास बसला असता तर दुसरं सुचलंच नसतं.

बाबांनी खळीची वाटी जवळ ओढली. मोरचूद घातलेली निळसर खळ बोटानं ढवळत त्यांनी विचारलं, “तू मराठी शिकलीस ना? समास म्हंजे काय?”

“पानाच्या कडेला सोडतात ती कोरी जागा.”

“आणखी?”

“व्याकरणातला समास. दोन शब्द एकत्र येऊन एक होतात, तो.”

“जोडणं, त्याला समास. आणि कोरं सोडणं, त्यालाही समास. असं का?”

प्रणितानं विचार केला. दुसरं कुणी विचारलं असतं तर तिनं संस्कृत धातूपासून सुरुवात केली असती. पण तो कोऱ्या जागेपर्यंत कसा पोचला, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं.

“तुम्हीच सांगा,” ती म्हणाली.

“मला माहीत नाही.”

“माहीत नाही?”

“नाही.”

बाबा हे असं म्हणाले, जसं कुणी पाणी नको म्हणावं. मान खाली घातली नाही, आवाज उतरला नाही, कारण दिलं नाही. बोटाची खळ वाटीच्या काठाला पुसली आणि तिच्याकडं बघत राहिले.

चाळीस वर्षं याच दीड इंचात दाभण घालणारा माणूस...

“बाबा,” प्रणिता म्हणाली.

“हं.”

“मलाही माहीत नाही.”

म्हणून झाल्यावर तिला वाटलं, आता काहीतरी होईल. काही झालं नाही. खार पुन्हा खाली आली. चौदा महिने छातीवर ठेवलेलं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसा तिचा श्वास खोल गेला, आणि मग तिला एकदम रडू आलं आणि रडता रडता हसू आलं.

“दगड पिंपळदरीचा आहे,” ती म्हणाली. “आणि गयाबाई खरं सांगते. दोन्ही आहे. कसं, ते मला माहीत नाही!”

“हे किती ओळींत मावतं?”

तिनं बोटं मोजली. “तीन.”

“मग जागाच जागा.”

ती उठली, तशी पुन्हा बसली. “पण बाबा, गोषवाऱ्यात लिहिलंय एकसष्टपैकी एकसष्ट. शेवटच्या प्रकरणातही.”

“तिथं किती लिहायचं?”

“साठ.”

“साठ काय कमी आहेत?” दिगंबर म्हणाला. “माझ्या मुंग्यांनी साठ टक्के वेळा ऐकलं असतं तर मी पेढे वाटले असते.”

तिनं काथारसरांना फोन लावला. ते तिचे भूशास्त्राचे गाईड. परिषदेत सगळ्यात मोठ्यानं टाळ्या त्यांनीच वाजवल्या होत्या. तीन पानं बदलायची आहेत, असं ती म्हणाली. काय बदलायचं ते तिनं सांगितलं. 

“लोमटे,” सर म्हणाले, “सुटलो गं. दोन महिने झाले, ते पान आलं की मी पटकन उलटतोय. बदल. बाकीच्या दोघांशी मी बोलतो.”

दिगंबरनं गाडीची किल्ली काढली. “चल, छापून आणू. बाबा, तोवर माझ्या मुंग्या घ्या शिवायला.”

“मुंग्यांना घाई नसते. बसतील.”

दोघं परत आली तेव्हा साडेतीन होत होते. चार प्रती, तीन-तीन पानं. प्रणितानं स्वतःच्या हातानं जुनी काढली, नवी घातली, आणि एकशे सत्त्याऐंशीवं पान सगळ्यात वर धरून बाबांना दिलं. वर तीन ओळी. गीत धानोरा सांगते, शिळा पिंपळदरी सांगते. दोन्ही पुरावे विश्वसनीय आहेत. त्यांचा मेळ प्रस्तुत संशोधकाला घालता आला नाही. खाली गयाबाईची ओवी, आणि तिचं पूर्ण नाव. बाकी सगळं पांढरं.

बाबांनी फक्त डावी कड बघितली. मान हलवली.

मग दाभण चालू लागलं. बाबा भोक पाडायचे, प्रणिता दोरा ओवून द्यायची. तिला भयंकर भूक लागली होती. किती दिवसांनी, ते तिलाच आठवेना. दिगंबरच्या खिशात शेंगदाणे निघाले. तिनं मूठ नाही, पुडीच घेतली.

“अगं, मला ठेव!”

“तुझ्या मुंग्यांना सांग, आणून देतील.”

दिवस मावळायच्या आत चारही चारही प्रती शिकंज्यात गेल्या. बाबांनी पीळ आवळायला घेतला. प्रणिता काढलेले कागद गोळा करत होती. थांबली.

“बाबा, परीक्षक विचारतीलच. दगड खरा की ओवी खरी?”

“विचारू दे.”

“मग मी काय सांगू?”

“आत्ता मला काय सांगितलंस?”

“माहीत नाही, असं. पण त्यांना तेच सांगून कसं चालेल? ते एवढ्या लांबून येणार. उत्तर तर द्यावंच लागेल ना काहीतरी...”

बाबांनी शिकंज्याला शेवटचा पीळ दिला.

“उत्तर दिलंस तर तो घरी जाईल,” ते म्हणाले. “नाही दिलंस तर धानोऱ्याला जाईल.”